रालामंडलची वसंत आरोग्य फेरी: मागून येणाऱ्यांच्या बाजूने पाहिली तर

इंदुरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन गेलेली, राजवाड्याचे रस्ते धुऊन झालेले, गुढीपाडव्याला अजून चार-सहा दिवस. या मधल्या रविवारी शहराच्या पश्चिम भागातलं एक मराठी मंडळ रालामंडल अभयारण्यात वसंत आरोग्य फेरी काढतं. माणशी १५० रुपये. त्यात जायची-यायची बस, प्रवेशाचं तिकीट, रक्तदाब आणि साखरेची तपासणी, पाणी आणि परतल्यावर पोहे. एवढं सगळं या पैशात बसतं ते देणगीदारांमुळे, हे उघड आहे. तेव्हा पैसे वसूल झाले का, हा प्रश्नच नाही. प्रश्न आखणीचा आहे. पहिल्या दहांत माथ्यावर पोचणारे तसेही रोज सकाळी नेहरू पार्कला चकरा मारतात, त्यांना ही फेरी असली काय नि नसली काय. फेरी ज्यांच्यासाठी काढलेली असते ते सगळ्यांत मागे असतात: सत्तरीला टेकलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले, सकाळची गोळी घेऊन आलेले काका-काकू. त्यांच्या बाजूने पाहिलं तर यंदाच्या फेरीला पाचांपैकी साडेतीन.

जागेला मात्र पैकीच्या पैकी. भंवरकुव्यावरून खंडवा रोड धरायचा, तेजाजी नगरला बायपास गाठायचा की टेकडी समोर दिसते. १९८९ साली अभयारण्य झालेलं हे जंगल जेमतेम २३५ हेक्टरचं, म्हणजे अभयारण्य म्हणून चिमुकलंच. पण माथा समुद्रसपाटीपासून ७८२ मीटरवर आहे आणि इंदूर शहर साधारण ५५० वर, त्यामुळे चढल्यासारखं वाटेल इतका चढ नक्की मिळतो. वर होळकरांची शिकारगाह, म्हणजे शिकारीसाठीची जुनी कोठी आहे, तिथून अख्खं शहर पायाखाली दिसतं. वाट रुळलेली आहे, चुकण्याची भीती नाही. नवख्यांसाठी याहून सोयीची टेकडी शहराजवळ सापडणार नाही.

आता वसंताचं. वसंत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवाई येते. माळव्यातल्या पानझडी जंगलात फाल्गुन-चैत्र म्हणजे उलटा प्रकार. साग उघडा पडलेला, पायाखाली पाचोळा, आणि मधूनच एखादा पळस भगवा पेटलेला. नजर लांबवर पोचते, चितळ किंवा नीलगाय दिसायची शक्यता वाढते, हे खरं. पण सावली नसते. मार्चच्या मध्याला इंदुरात सूर्य साडेसहाच्या पुढेमागे उगवतो, सकाळी सातला हवा गोड असते, साडेनऊला तीच वाट तापायला लागते आणि दुपारी पारा पस्तिशीकडे सरकतो. थोडक्यात, या फेरीला वापरता येण्याजोगा वेळ अडीच तासांचा आहे. त्यातली दहा मिनिटं वाया गेली तरी ती शेवटच्या माणसाच्या डोक्यावर उन्हाच्या रूपाने पडतात.

आणि इथे पहिली ठेच लागली. पत्रकावर बसची वेळ ५.३० होती; राजेंद्र नगरहून बस निघाली सहाला. कारण ठरलेलं: बसच्या दारात एकच वही, त्यात नोंदणीच्या क्रमाने नावं, आणि प्रत्येक माणूस आला की पहिल्या पानापासून शोध सुरू. लोकमान्य नगरच्या थांब्यावर पुन्हा तेच. थांब्यानुसार वेगळा कागद आणि आडनावाच्या अक्षराप्रमाणे यादी केली असती तर हे काम पाच मिनिटांत झालं असतं. जोशी, कुलकर्णी आणि देशपांडे जास्त असल्याने आडनावाबरोबर मोबाइलचे शेवटचे तीन आकडेही लिहावेत. पुढच्या वेळी एवढं केलं तरी वीस मिनिटं वाचतील.

दुसरी चूक खुद्द पत्रकातली, आणि याहून गंभीर. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘साखरेच्या तपासणीसाठी उपाशीपोटी यावे.’ तपासणी शिबिरासाठी हे वाक्य बरोबर आहे. तपासणीनंतर दोन तास टेकडी चढायची असेल तर चूक. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस पाचला उठतो, सवयीने गोळी घेतो, उपाशी बसमध्ये बसतो आणि सातला चढायला लागतो. गोळी साखर खाली ओढते, चढ ती आणखी खाली ओढतो. साखर ७० च्या खाली गेल्याची लक्षणं म्हणजे घाम, हात थरथरणं, छातीत धडधड. आणि चढावर घाम नि धडधड कोणाला होत नाही? म्हणून ती ओळखूच येत नाहीत. बोलताना अडखळणं, कारण नसताना चिडणं, पाय वेडेवाकडे पडणं ही त्यापुढची पायरी. उपाशीपोटीची साखर बघायचीच असेल तर ती आदल्या रविवारी मंडळाच्या सभागृहात बघावी. फेरीच्या दिवशी प्रत्येकाने निघण्याआधी अर्धी भाकरी, एखादं केळं किंवा दूध-पोहे असं काहीतरी खाऊन यावं, आणि सकाळच्या गोळीचं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. चढण्यापूर्वी अशा माणसाची साखर १०० च्या खाली दिसली तर आधी खाणं, मग चालणं.

यंदा एवढं बरं की, प्रत्येक तुकडीच्या पुढच्या स्वयंसेवकाकडे ग्लुकोजची पुडी होती आणि ती कशी द्यायची हे त्याला सांगितलेलं होतं: तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात कालवून, मग बसवून पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, वाढ नसेल तर पुन्हा तेवढंच. पेढा किंवा चॉकलेट या कामाला चालत नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. हे ज्याने शिकवलं त्याला शंभर गुण.

पायथ्याच्या तपासणी टेबलांजवळ मात्र दहा मिनिटं थांबून पाहण्यासारखं होतं. रक्तदाबाची दोन टेबलं, दोन्हीवर डिजिटल यंत्रं. पहिल्या टेबलाशी रांग उभी. बसमधून उतरून, वहीत सही करून माणूस तडक खुर्चीत. कुर्त्याची बाही वर सरकवून दंडावर तिची घट्ट वळकटी. पट्टा त्याच्या खाली. हात मांडीवर लोंबता. पट्ट्यात हवा भरायला लागली की टेबलामागचे दादा आपुलकीने विचारणार, “काका, घरी किती असतं?” आणि काका सविस्तर सांगणार. या प्रत्येक गोष्टीने आकडा बिघडतो, बहुतेक वेळा वर जातो. हात हृदयाच्या पातळीच्या खाली असेल तर वाढतो, बोलल्याने वाढतो, बाहीवर पट्टा बांधल्याने चुकतो, लघवी तुंबलेली असेल तरीही वाढतो. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर वाढतोच वाढतो. पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराला निदान ऐंशी टक्के वेढणारी हवी, आणि मंडळाकडे एकाच मापाचे पट्टे होते.

दुसऱ्या टेबलावर नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती. तिने टेबलाच्या आधी चार खुर्च्या मांडून घेतल्या होत्या. आलेल्या माणसाला तिथे पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. मग बाही पूर्ण बाहेर काढून, टेबलावर घडी घातलेली शाल ठेवून तिच्यावर हात, आणि तोंडाला कुलूप. एका काकांना पहिल्या टेबलावर वरचा आकडा १५८ सांगितला होता, चिंतेने चेहरा उतरलेला. हिच्याकडे १३६ आला. पुढच्या वर्षी दोन्ही टेबलं या मुलीच्या पद्धतीने चालवावीत. रांग लांबते, हे खरं, पण त्यावर उपाय आहे. ज्यांना काही औषध चालू नाही आणि काही त्रास नाही त्यांना थेट पहिल्या तुकडीत सोडावं, टेबलं बाकीच्यांसाठी ठेवावीत. वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पलीकडे गेला तर चढायचं नाही, हा मंडळाचा नियम शहाणपणाचा आहे आणि तो पाळला गेला. दोघांना खाली थांबवलं, त्यातले एक जण रागावले, तरी थांबवलं.

साखरेच्या टेबलाशी एक गंमत झाली, गंमत म्हणजे तांत्रिकदृष्ट्या. शेजारीच गूळ-दाण्याचं तबक. लोक गूळ तोंडात टाकून, बोटं पुसून रांगेत. बोटावर गुळाचा अंश राहिला की टोचल्यावर येणाऱ्या थेंबात तो मिसळतो आणि यंत्र भलतंच दाखवतं. फळ सोललेल्या हाताचंही तेच. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, हात साबणाने धुऊन कोरडे करायला हवेत. ते नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. शिवाय स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तरी आकडा बिघडतो. यावर उपाय म्हणजे तबक दहा पावलं पलीकडे ठेवणं. खर्च शून्य.

चालण्याची रचना चांगली होती. वीस-वीसच्या तुकड्या, प्रत्येकीला पुढे वाट दाखवणारा एक लीड आणि मागे शेवटच्या माणसाबरोबर चालणारा एक स्वीप, दोन तुकड्यांमध्ये सात-आठ मिनिटांचं अंतर. लीडने पहिली दहा मिनिटं मुद्दाम रेंगाळत चालवली. हे फार महत्त्वाचं, कारण थंड स्नायू घेऊन पहिल्याच वळणावर धापा टाकणारा माणूस पुढे सावरत नाही. वेग ठरवण्यासाठी मनगटावरच्या घड्याळांना बाजूला ठेवायला सांगितलं, तेही योग्य. मेटोप्रोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढतच नाही, घड्याळ म्हणतं सगळं छान आहे आणि माणूस दमलेला असतो. त्याऐवजी बोलण्याची कसोटी: चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणं म्हणता येऊ नये. एका तुकडीत लीडने याचं घरगुती माप काढलं होतं. शुभंकरोतीच्या दोन ओळी एका दमात म्हणता येतात का पाहा. पहिल्याच ओळीत श्वास तुटला तर वेग कमी. काकू मंडळींना हे इतकं पटलं की अर्ध्या चढापर्यंत सांजवात लागल्यासारखं वातावरण होतं, सकाळी साडेसातला.

या रचनेतलं भोक माथ्यावर दिसतं. तुकडी वर पोचते, पहिले पाच जण शिकारगाहीच्या सावलीत बसतात, फोटो काढतात, पाणी पितात, पंधरा मिनिटांनी ताजेतवाने होतात. तेवढ्यात स्वीपबरोबर शेवटच्या काकू येतात. त्यांना पाहून लीड म्हणतो, “चला, सगळे आले, निघू या.” म्हणजे सगळ्यांत दमलेल्या माणसाला सगळ्यांत कमी विश्रांती. ही चूक या मंडळाची एकट्याची नाही, जवळजवळ प्रत्येक सहलीत होते, कारण विश्रांतीचं घड्याळ पहिला माणूस टेकला की सुरू होतं. ते स्वीप टेकल्यापासून सुरू व्हायला हवं: स्वीप बसला की दहा मिनिटं, त्याआधी निघायचं नाव नाही. पहिले कंटाळतात म्हणाल तर त्यांना शहरातल्या खुणा ओळखायला लावा, वेळ जातो.

आणि खरी परीक्षा इथून पुढे. चढ सगळे सांभाळतात, कारण चढाला दम लागतो आणि दम माणसाला आपोआप थांबवतो. उताराला दम लागत नाही. माणूस मोकळेपणाने बोलतो, वेग वाढवतो, आणि पाय आतून थकत जातात. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. हे काम त्याला जास्त जाचतं आणि गुडघ्याच्या वाटीमागचा दाबही उतरतानाच अधिक असतो. म्हणून ‘चढताना काहीच झालं नाही, उतरताना गुडघा गेला’ हे वाक्य दर सहलीनंतर ऐकू येतं.

रालामंडलला वसंतात यात पाचोळ्याची भर पडते. सागाचं वाळलेलं पान ताटाएवढं, कडा वर वळलेल्या, खरखरीत आणि अगदी हलकं. त्याच्याखाली काळ्या पाषाणाचा झिजून झालेला मुरूम, बारीक खडी. पान खडीवर बसतं आणि बूट पानावर. मग पान, बूट आणि माणूस तिघेही एकत्र घसरतात. नुसत्या मुरमावर निदान खडी दिसते तरी, पानाखाली ती लपलेली असते. यंदा पाच-सहा जण बसकण मारून पडले, सगळे उतरताना, सगळे वळणांवर जिथे वाऱ्याने पाचोळा गोळा होतो तिथे. सुदैवाने कोणाचं मनगट मोडलं नाही. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवलेल्या इंदूरच्या माणसाचे हात पाचोळा पाहून शिवशिवतात आणि एका स्वयंसेवकाने खराटा आणायचा प्रस्तावही मांडला. पण तो पाचोळा जंगलाचा आहे, तिथेच राहू द्यावा. त्याऐवजी अशा प्रत्येक वळणावर एक माणूस उभा करावा. त्याने हात द्यायचा नाही, फक्त पाय कुठे ठेवायचा ते दाखवायचं: रुतलेल्या दगडावर किंवा उघड्या जमिनीवर. हात दिला की दोघं पडतात.

उतरायची रीत पायथ्यालाच, चढण्याआधी, दाखवून घ्यायला हवी होती. माथ्यावर कोणी ऐकत नाही. पावलं आखूड. गुडघा कधीच पूर्ण ताठ नाही, किंचित वाकलेला. टाच खुपसून न चालता पूर्ण पाऊल एकदम टेकवायचं. तीव्र उतारावर सरळ न उतरता नागमोडी. भीतीने मागे रेललं की पाय पुढे निसटतो, म्हणून अंग किंचित पुढे. पुढच्या माणसापासून निदान दोन हात अंतर. आणि उतरताना फोन खिशात. पडलेल्यांपैकी दोघांच्या हातात तो होता.

मंडळाने बांबूच्या काठ्या दिल्या, हे कौतुकाचं. पण सगळ्या एकाच लांबीच्या आणि टोकं उघडी. काठी टेकवल्यावर कोपर साधारण काटकोनात आलं पाहिजे. उतारावर त्याहून दोन-तीन बोटं लांब लागते, म्हणून काठी थोडी उंचच घ्यावी आणि चढावर खाली धरावी. उघडं टोक दगडावर निसटतं आणि मुरमात चिरतं. मेडिकलच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या काठीला लावायची रबरी टोपी मिळते, ती बसवावी. एका गुडघ्याचं दुखणं असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात, हे दहांतल्या आठ जणांना माहीत नसतं. दोरीचा फास मनगटात अडकवून उतरू नये, पडताना काठी सोडता आली पाहिजे.

बुटांबद्दल पत्रकात ‘आरामदायी बूट घालावेत’ एवढंच. त्याने काही होत नाही. गुळगुळीत झालेल्या तळव्याचे, रोज कॉलनीत वापरायचे बूट डांबरावर आरामदायीच असतात. इथे तळव्याला खोल खाचा हव्यात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात. आदल्या दिवशी नखं कापावीत. उतरण्यापूर्वी लेस पुन्हा बांधावी, घोट्याशी घट्ट आणि बोटांशी सैल. आणि माळ्यावर चार-पाच वर्षं ठेवलेले ‘नवेच्या नवे’ बूट काढून आणू नयेत. त्यांच्या तळव्यातला फोम न वापरताही दमट हवेने आतून कुजतो, दिसायला बूट ठीक असतो आणि अर्ध्या वाटेत तळवा जबडा उघडल्यासारखा सुटतो. यंदा असा एक बूट नाडीने बांधून खाली आणावा लागला. स्वीपच्या पिशवीत चिकटपट्टीचं एक रीळ आणि दोन नाड्या असाव्यात.

पाणी पुरेसं होतं. दोन तासांसाठी माणशी अर्धा लिटर आणि खाली टाकीत आणखी. बाटल्या ज्याच्या त्याच्या, कप नाहीत, कचरा नाही. ओआरएसचा मात्र गोंधळ झाला. एक पुडी एका लिटरसाठी असते. माथ्यावरच्या टेबलावर ती ग्लासात ओतून दिली जात होती. असं पाणी पाचपट तीव्र होतं, उलटीची भावना येते, आणि रक्तदाबवाल्यांना तेवढं मीठ नकोच असतं. खरं तर सकाळच्या दोन तासांच्या चालीला साधं पाणी पुरतं. ओआरएस द्यायचंच तर घरून लिटरच्या बाटलीत नीट कालवून न्यावं.

जंगलाच्या शिस्तीत मंडळ उत्तम. स्पीकर नाही, घोषणा नाहीत, विडी-सिगारेट पायथ्यालाच काढून घेतलेल्या. कोरड्या पाचोळ्यात एक ठिणगी पुरते. या जंगलात बिबट्याचा वावर असतो, म्हणून उजाडण्यापूर्वी कोणाला आत सोडलं नाही आणि कोणी एकटं मागे राहणार नाही हे पाहिलं. एक सूचना राहिली ती आग्या मोहोळाची. फुलांच्या दिवसांत उंच झाडांवर, जुन्या इमारतींच्या वळचणीला ती असतात, आणि अत्तर किंवा तीव्र वासाचं तेल, धूर, दगड यांनी उठतात. उठलीच तर हात झाडत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं पदराने किंवा जॅकेटने झाकून सरळ दूर पळायचं. दम्याच्या लोकांनी पंप बसमधल्या पिशवीत ठेवू नये, खिशात ठेवावा. या दिवसांत परागही असतात आणि धूळही. खाली एक गाडी चालकासकट, तोंड रस्त्याकडे करून उभी होती आणि १०८ चा नंबर प्रत्येक ओळखपत्राच्या मागे छापलेला होता. हे इतकं सहज केलेलं होतं की कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ज्यांना चढायचं नव्हतं त्यांच्यासाठी पायथ्याची सपाट फेरी होती, पण ती ‘राहिलेल्यांची’ फेरी झाली: ना लीड, ना वेळ, बाकावर गप्पा. तिलाही तीस मिनिटं सलग चालण्याचा आराखडा हवा. गुडघ्याच्या लोकांसाठी मंडळाने सरळ दुसरा एक रविवार सिरपूर तलावाला ठेवावा. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलेलं हे पाणथळ शहरातच आहे, वाट सपाट आहे, आणि फाल्गुनात काही पाहुणे पक्षीही रेंगाळलेले असतात. पिपलियापालाचं रीजनल पार्कही चालेल, पण तिथे जंगल नाही.

पोह्यांशिवाय इंदुरात कार्यक्रम संपल्याचं कोणी मानत नाही, तेव्हा त्यावर भांडण नाही. पोहे अस्सल: वाफेवर ठेवलेले, बडीशेप घातलेले, वर शेव, कांदा, जीरावन मसाला. शंभर ग्रॅम कोरडे पोहे माणशी धरले तर १२ किलो १२० जणांना पुरतात आणि पुरले. जिलबी मात्र आरोग्य फेरीत परातभर का, हे कळलं नाही. चाललेलं सगळं दोन वेढ्यांत परत. तिच्या जागी ताक ठेवलं असतं तर उन्हातून आलेल्यांनी दुवा दिला असता. शेवटची तुकडी पोचली तेव्हा शेव संपलेली आणि पोहे गार होऊन घट्ट झालेले होते. वाफेच्या पातेल्यातला एक थर मागच्यांसाठी झाकून ठेवणं काही अवघड नाही.

पुढच्या वर्षी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: महिनाभर आधीपासून आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालायला लागा, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घराचा जिना रोज चार-पाचदा उतरा. चढायला लिफ्ट घेतली तरी चालेल, उतरायचं पायांनीच. फेरी झाल्यावर त्या दिवशी काही दुखणार नाही. मांड्या सोमवारी धरतील आणि मंगळवारी सर्वाधिक दुखतील. ते नेहमीचंच आहे, त्यावर वेदनाशामक गोळी नको, हळू चालणं आणि कोमट पाणी पुरतं. गुडघ्याला सूज आली, पाऊल टेकवत नाही किंवा लघवी गडद चहासारखी झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. बाकीच्यांनी बुधवारपर्यंत जिना उतरताना कठडा धरावा.